कोल्चिकम: जागा पानांसाठी शोधा

शरदात फुलणाऱ्या कोल्चिकमचा कंद हातात आला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे फूल उभं राहतं. बाकीची बाग आवरत आलेली असते आणि उघड्या मातीतून जांभळट गुलाबी पेले वर येतात; सोबत ना पान, ना फांदी. ती फुलं नीट दिसावीत म्हणून जागा निवडली जाते ती वाफ्याच्या पुढच्या कडेची, नाहीतर पायवाटेच्या काठाची. पुढच्या वसंतात नेमक्या त्याच जागी दीड वीत लांब, रुंद, चकचकीत पानांचे झुबके उठतात. शेजारची नाजूक रोपं त्यांच्याखाली दडपतात. जून येईतो ती पानं पिवळी पडून आडवी होतात आणि घरातलं कुणीतरी विचारतंच, "हे मेलं का? उपटू का?"

म्हणून माझ्याकडे कुणी कंद मागायला आलं की मी एक अट घालते. पानं कुठे पसरू देणार ते आधी सांगा, मग कंद न्या. फुलं दोन-तीन आठवड्यांची पाहुणी असतात. पानं मात्र काही महिने मुक्कामाला येतात, आणि पुढच्या शरदातली फुलं तीच कमावून ठेवतात. जागा पानांच्या हिशेबानं निवडली तर कोल्चिकमइतकं कमी कष्टाचं झाड नाही. फुलांच्या हिशेबानं निवडली तर दरवर्षी भांडण.

खाली सगळे महिने उत्तर गोलार्धातले दिले आहेत. उन्हाळा म्हणजे इथे जून ते ऑगस्ट. दक्षिण गोलार्धात राहत असाल तर सहा महिने पुढे सरका. तिथे फुलं मार्च-एप्रिलच्या सुमारास येतात.

झाडाचं उलटं वर्ष

लागवडीआधी या झाडाचं वर्ष समजून घ्या. एकदा ते डोक्यात बसलं की खोली, खत, पाणी, कापणी यांची उत्तरं आपोआप मिळतात.

उन्हाळ्यात कंद जमिनीखाली झोपलेला असतो आणि वर काही म्हणजे काही दिसत नाही. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत जातीप्रमाणे फुलं येतात. त्याच सुमाराला मुळं फुटतात आणि ती हिवाळाभर जमिनीत काम करत राहतात. वर मात्र सामसूम. हिवाळ्याच्या शेवटी किंवा वसंताच्या सुरुवातीला पानं येतात, झपाट्यानं वाढतात आणि जून-जुलैपर्यंत वाळून जातात. या थोड्या महिन्यांत जुना कंद संपतो आणि त्याच्या कुशीला नवा तयार होतो. म्हणजे यंदा तुम्ही लावलेला कंद पुढच्या उन्हाळ्यात तिथे नसतोच. त्याची पुढची पिढी असते.

आणि फुलाचा ज्याला आपण देठ म्हणतो तो देठ नाही. सहाही पाकळ्या खाली जुळून एक लांब फिकट नळी बनते आणि ती जमिनीत शिरून थेट कंदापर्यंत जाते. अंडाशय कंदाला टेकून मातीत असतं. वर कुक्षीवर पडलेल्या परागातून निघालेली नलिका तेवढं सगळं अंतर उतरून खाली पोचते. बी जमिनीखालीच राहतं आणि वसंतात पानं वर येतात तेव्हा त्यांच्या मधोमध हिरवं बोंड घेऊन येतात. फूल शरदाचं, फळ उन्हाळ्याच्या तोंडाशी. अंडाशय जमिनीखाली असल्यामुळे शरदातला पाऊस, हिवाळ्यातलं हिम, काहीच त्याला लागत नाही. मला विचाराल तर फुलापेक्षा हे बोंड वर येतं तेव्हा मी जास्त वेळ वाकून बघते.

या नळीचा एक तोटा आहे. तिच्यात देठाचा कणखरपणा नसतो. जोराचा पाऊस झाला की मोठी फुलं मान टाकतात. त्यावरचा उपाय शेजाऱ्यांच्या निवडीत आहे, पुढे येईलच.

हवा कुठली हवी

हे थंड हिवाळ्याचं झाड आहे. कोल्चिकम ऑटम्नाले युरोपातल्या ओलसर कुरणांतलं. मोठ्या फुलांचं स्पेसिओसम कॉकेशस, उत्तर तुर्कस्तान आणि उत्तर इराणच्या डोंगरउतारांवरचं. दोघंही कडक गोठणाऱ्या थंडीत निवांत तगतात. जिथे हिवाळा नावापुरताच असतो तिथे कंद पहिल्या वर्षी फुलतो खरा, पण ती आधीच्या मालकाची कमाई असते. नंतर पानं रोडावतात, कंद आकसत जातो आणि संपतो. अशा हवेत याचा नाद न करणं बरं. कुंडीत लावून फ्रीजमध्ये वगैरे ठेवण्याचे प्रयोग लोक करतात. पण मूळ धरलेलं झाड म्हणजे दुकानातला सुटा कंद नव्हे, ते तसं फसत नाही.

कंद कसा ओळखायचा, कधी घ्यायचा

कोल्चिकमचा कंद कांद्यासारखा पापुद्र्यांचा नसतो. बाहेर तपकिरी कागदी साल, आत घट्ट पांढरा गर. आकार वेडावाकडा: एक बाजू फुगीर, एक चपटी, आणि खाली एका बाजूला पायासारखा पुढे आलेला भाग. वरच्या बाजूला सालीची नळीसारखी मान निघते. लावताना ती मान वर. चुकून आडवा पडला तरी कोंब वाट काढतो, त्याची धास्ती घेऊ नका.

कंद हाताला जड आणि टणक लागला पाहिजे. मोठा कंद म्हणजे जास्त फुलं, यात काही गूढ नाही. साल थोडी फाटलेली चालते. बोटाला मऊ लागणारा, बुरशीचा निळसर थर असलेला, वास मारणारा कंद घेऊ नका.

खरेदी आणि लागवड दोन्ही जुलै ते सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे झोपेच्या काळात. विक्रेत्यांची अडचण अशी की हा कंद कुणाची वाट बघत नाही. पिशवीत, खोक्यात, फळीवर, जिथे असेल तिथे तो वेळ झाली की फुलतो. पिवळट कोंब बाहेर आलेला कंद दिसला तर घ्यायला हरकत नाही, मात्र त्याच दिवशी लावा आणि कोंब मोडू देऊ नका. यंदाची फुलं त्यातच आहेत.

एक गोष्ट पक्की करून घ्या. बाजारात याला सर्रास 'ऑटम क्रोकस' म्हणतात, आणि शरदात फुलणारे खरे क्रोकसही असतात. त्यांतलाच एक, क्रोकस सटायव्हस, म्हणजे केशर. दोघांचं कूळ वेगळं. फूल उघडलेलं असेल तर पुंकेसर मोजा: क्रोकसला तीन, कोल्चिकमला सहा. पानांतही घोटाळा होऊ शकत नाही. क्रोकसचं पान गवतासारखं अरुंद, मधे पांढरी रेघ असलेलं; बागेतल्या नेहमीच्या मोठ्या कोल्चिकमचं रुंद, एकसारखं हिरवं, चकचकीत. केशर समजून कोल्चिकम तोंडात घालणं जिवावर बेतू शकतं, म्हणून हे मोजणं हौसेचं समजू नका.

जागा

आता मुख्य मुद्दा. पानांना फेब्रुवारी-मार्चपासून जूनपर्यंत ऊन हवं, आणि नंतर ती वाळताना कुणाच्या डोळ्यांत खुपायला नकोत. या दोन्ही गोष्टी एकत्र कुठे मिळतात?

पानझडी झाडाझुडपांच्या पायथ्याशी. वसंताच्या सुरुवातीला फांद्या उघड्या असतात, ऊन थेट खाली येतं, कोल्चिकमची पानं ते पिऊन घेतात. मे-जूनमध्ये वर पालवी दाटते, खाली सावली होते आणि तोवर पानांचं काम उरकत आलेलं असतं. उन्हाळ्यात त्याच झाडाची मुळं जमिनीतली जादा ओल शोषून घेतात. झोपलेल्या कंदाला तेही मानवतं. माझे सगळ्यात जुने झुबके एका चेरीच्या झाडाखाली आहेत, खोडाला चिकटून नव्हे, फांद्यांच्या बाहेरच्या कडेखाली. खोडाजवळ मुळांचं जाळं इतकं दाट असतं की खुरपंही शिरत नाही.

दुसरी चांगली जागा म्हणजे उशिरा उठणाऱ्या बहुवर्षायू झाडांच्या मागे. होस्टा, फर्न, मोठी जिरेनियम, पिओनी. ही मंडळी वसंतात जागी होऊन पसरेपर्यंत कोल्चिकमची पानं सूर्य बघून घेतात, आणि पिवळी पडायला लागली की पुढचा पाला त्यांना झाकून टाकतो. शरदात हेच शेजारी खाली बसत आलेले असतात, मधून फुलं वर येतात. मात्र हाताएवढं अंतर सोडा. कोल्चिकमची पानं शेजाऱ्याच्या कोंबावर पडली तर तो कोंब वाकडा येतो किंवा कुजतो.

तिसरी जागा गवत. त्याचं स्वतंत्र सांगते.

नको ती जागा म्हणजे नाजूक अल्पाइन झाडांचा वाफा, पाणी साचणारा खळगा, आणि सदाहरित झुडपाची पक्की सावली. सावलीत पानं लांबट, लेचीपेची होतात आणि फुलांची संख्या दरवर्षी घटत जाते. माती कुठलीही चालते, चुनखडीचीही, फक्त निचरा हवा. चिकणमातीत पानांचं कुजलेलं खत आणि जाड वाळू किंवा बारीक खडी भरपूर मिसळा. निव्वळ वाळूत कंद तगतो, पण वसंतात पानांना पाण्याची ओढ लागते. तिथे पानांचं खत दुप्पट घाला.

लावायचं कसं

मोठ्या कंदावर सुमारे 10 सेंटिमीटर माती येईल इतका खड्डा. हलक्या जमिनीत 15 पर्यंत गेलात तरी चालतं. अ‍ॅग्रिपिनमसारख्या लहान जातींच्या छोट्या कंदांना 7–8 पुरे. दोन कंदांत 15 ते 20 सेंटिमीटर अंतर. हे अंतर उन्हाळ्यात ओकंबोकं वाटतं. वाटू दे. दोन वर्षांत प्रत्येक कंदाचे अनेक होतात आणि पानं एकमेकांना भिडतात. रांगेत लावू नका. पाच-सात कंद मूठभर खडे टाकावेत तसे जमिनीवर सोडा आणि पडतील तिथे थोडंफार अंतर राखून पुरा.

खड्ड्यात ताजं शेणखत घालू नका, कंद कुजतो. पूर्ण कुजलेलं कंपोस्ट मातीत मिसळलं की झालं. माती दाबून एकदा पाणी द्या. त्यानंतर पाऊस पडत असेल तर विसरून जा. फुलं यायला फार दिवस लागत नाहीत. सप्टेंबरात लावलेला कंद काही आठवड्यांतच वर येतो, कधी त्याहूनही लवकर.

जागेवर खूण ठेवा. वर्षातले बरेच महिने तिथे काहीच दिसत नाही आणि रिकामी जागा दिसली की माळ्याच्या हाताला खाज सुटते. मी जाड वेताच्या काड्या खोचते. पाट्या पक्षी उपटतात, शाई उडते, काड्या राहतात.

गवतात लावायचं असेल तर

कुरणातलं झाड गवतात शोभतं यात वाद नाही. लॉनचा चौकोनी थर कापून उचला, खालची माती मोकळी करा, कंद ठेवा, थर परत बसवा. अवघड काम इथे संपत नाही, सुरू होतं, कारण आता मॉवर चालवणाऱ्या माणसाशी करार करावा लागतो. आमच्याकडे तो माणूस माझा मुलगा आहे आणि त्याला मे महिन्यात वाढलेलं गवत सहन होत नाही.

करार असा: ऑगस्टच्या मध्यावर शेवटची कापणी, नंतर फुलं संपेपर्यंत मॉवर बंद. फुलं गेल्यावर, पानं वर यायच्या आत, एकदा कापलं तर चालतं. मग पानं वर दिसू लागल्यापासून ती स्वतःहून पिवळी पडून आडवी होईपर्यंत पुन्हा बंद, म्हणजे साधारण जूनच्या अखेरीपर्यंत. एवढा काळ गवत वाढलेलं चालणार नसेल तर लॉनच्या मध्यात लावूच नका. कडेचा एखादा तुकडा कुरण म्हणून सोडा आणि त्याची सीमा मॉवरनं नेटकी आखून घ्या. सीमा नेटकी असली की आतला पसारा मुद्दाम केलेला वाटतो, आणि मुलगाही गप्प बसतो.

जिथे गुरं, घोडे, शेळ्या चरतात किंवा जिथलं गवत कापून चारा होतं तिथे मात्र अजिबात नको. वाळलेल्या चाऱ्यातही याचं विष टिकतं.

पानांचे महिने

पानं वर आली की झाडाचा भुकेचा काळ सुरू होतो. कंपोस्टचा पातळ थर आणि पोटॅश जास्त, नत्र कमी असं खत एकदा द्या. नत्र जास्त झालं तर पानं फोफावतात, मऊ होतात आणि गोगलगायींना मेजवानी मिळते. एप्रिल-मे कोरडा गेला तर पाणी द्या. शरदातल्या फुलांचा आकार इथेच ठरतो. जूनमध्ये पानं पिवळी पडू लागली की पाणी थांबवा.

पानं बांधू नका, दुमडून गाठी मारू नका, वेणी घालू नका. नीटनेटकेपणाच्या हौसेपायी हे सगळं करताना पाहिलं आहे आणि त्यानं फक्त झाडाची उपासमार होते. हिरवं पान कापायचं नाही. पूर्ण पिवळं झालेलं पान हलक्या हातानं ओढल्यावर सुटून येतं. सुटत नसेल तर अजून वेळ झालेली नाही. दिसायला वाईट हे मान्य. म्हणूनच तर पुढे फर्न लावायचा.

फुलांना आधार

मान टाकणाऱ्या फुलांना काठ्या लावणं हास्यास्पद दिसतं. त्याऐवजी जमिनीलगत पसरणारं काहीतरी खाली असू द्या: थाइम, अजुगा, लहान पानांचं आयव्ही, व्हिंका, बुटकं सीडम. फुलं त्यातून वर येतात, नळीला चोहोबाजूंनी टेकण मिळतं आणि पावसात माती उडून पाकळ्या मळत नाहीत. थाइम दाट असलं तर कोल्चिकमची पानं त्यावर पसरून टक्कल पाडतात. ते नंतर भरून येतं. आयव्ही आणि व्हिंका जास्त सोशिक. मागे गडद पाला असला की फुलांचा रंगही उठून दिसतो. उघड्या तपकिरी मातीवर फिकट जांभळा रंग थोडा केविलवाणा वाटतो, असं माझं मत.

कीड आणि रोग

खरा शत्रू गोगलगाय. शंखी आणि शेंबडी दोन्ही. विष त्यांना बाधत नाही. कोवळ्या फुलांची नळी जमिनीलगत कुरतडतात आणि सकाळी फूल आडवं दिसतं. वसंतात गुंडाळलेल्या पानाला एक भोक पाडलं की पान उघडल्यावर भोकांची रांग दिसते. रात्री बॅटरी घेऊन वेचणं हा मला पटलेला उपाय. फुलांच्या आणि पानांच्या सुरुवातीला दोन-तीन ओल्या संध्याकाळी वेचल्या की पुष्कळ फरक पडतो. आसपास ओल्या फळ्या, सडका पाला ठेवू नका.

हरणं, ससे, खारी, उंदीर याच्या वाटेला सहसा जात नाहीत. ज्यांचे ट्यूलिप दरवर्षी कुणाच्या तरी पोटात जातात त्यांच्यासाठी हे झाड म्हणजे दिलासा आहे.

पानांवर फोड येऊन फुटले आणि आतून काळी पूड निघाली तर तो काणी रोग. तो झुबका कंदांसकट उपटून कचऱ्यात, कंपोस्टमध्ये नाही. एरवी एकरंगी असणाऱ्या फुलांत वेडेवाकडे पट्टे आले आणि झाड दरवर्षी खुरटत चाललं तर विषाणूचा संशय घ्या आणि तोच न्याय लावा. ओल्या थंड हवेत राखाडी बुरशी येते; मेलेली फुलं वेळच्या वेळी उचलली की ती आटोक्यात राहते.

विषाबद्दल स्पष्ट

या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे; कंद आणि बी सगळ्यात जास्त. विषाचं नाव कोल्चिसिन. बागेत वा रानात दिसणारी आपली कळलावी याच कुळातली, आणि तिच्यातही तेच विष असतं, म्हणजे धोका किती ते वेगळं सांगायला नको. पेल्तिए आणि काव्हाँतू या फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी 1820 मध्ये कोल्चिकममधून हे द्रव्य वेगळं काढलं. गाउट नावाच्या सांधेदुखीवर ते आजही मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. पेशी विभागताना गुणसूत्रं ओढून वेगळी करणारे धागे ते बनू देत नाही. याच गुणामुळे 1937 पासून वनस्पतींची गुणसूत्रं दुप्पट करण्यासाठी ते वापरलं जाऊ लागलं, आणि बिनबियांचं कलिंगड त्याच वाटेनं आलं. औषध आणि विष यांतलं अंतर इथे फार थोडं आहे. घरगुती काढा, चूर्ण, लेप यांतलं काहीही करू नका. सुरंजान या नावानं यातलेच कंद विकले जातात. तेही मनानं घ्यायचे नाहीत.

युरोपात दरवर्षी वसंतात रानलसणाची पानं खुडायला जाणारे लोक चुकून कोल्चिकमची पानं आणतात. रानलसणाचं पान चुरगळलं की लसणाचा वास येतो, याचा येत नाही. पण एकदा हाताला वास लागला की पुढचं प्रत्येक पान तसंच वाटतं, आणि तिथेच घात होतो. भाजीपाल्याच्या किंवा खाण्याच्या कुठल्याही पानांच्या जवळपास कोल्चिकम लावायचं नाही. शिजवून किंवा वाळवून विष जात नाही.

पोटात गेल्यावर काही तास काहीच जाणवत नाही. मग उलट्या, जुलाब, पोटात कळा सुरू होतात आणि साधी अन्नबाधा वाटते. पुढच्या दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड, हृदय, अस्थिमज्जा यांवर परिणाम होतो. सहज मिळणारा खास उतारा नाही. म्हणून त्रास सुरू व्हायची वाट न बघता लगेच दवाखान्यात, झाडाचा तुकडा सोबत घेऊन. कुत्र्या-मांजरांनाही हाच धोका. उकरण्याची सवय असलेल्या कुत्र्याच्या बागेत मी हे लावणार नाही. रांगतं मूल घरात असेल तर काही वर्षं थांबा. कंद हाताळताना हातमोजे घाला, नंतर हात धुवा, आणि सुटे कंद स्वयंपाकघरात कांद्या-लसणाजवळ कधीही ठेवू नका.

कुठली जात घ्यावी

पहिल्यांदाच लावत असाल तर बायझँटिनम. एका मोठ्या कंदातून कधी कधी डझनापेक्षा जास्त फुलं येतात, लवकर येतात, आणि झुबका पटकन वाढतो. पानं मात्र या सगळ्यांत रुंद, चुण्या पडलेली. जागा नसेल तर घेऊ नका. याला बी धरत नाही, सगळी वाढ कंदांतून.

स्पेसिओसम माझ्या मते सगळ्यांत देखणं. फूल मोठं, पेल्यासारखं, जाड पाकळ्यांचं, पावसात त्यातल्या त्यात ताठ. त्याचं पांढरं रूप 'आल्बम' एकच कंद घ्यायचा असला तरी घ्या. हिरवट नळीवर शुभ्र पेला, आणि संध्याकाळी बाकीचे रंग विझल्यावरही तो दिसत राहतो. सावकाश वाढतं, धीर धरा.

ऑटम्नाले लहान फुलांचं, गवतात शोभणारं; याच्या पांढऱ्या आणि दुहेरी, म्हणजे जास्त पाकळ्यांच्या, जातीही आहेत. या पांढऱ्या दुहेरी ऑटम्नालेचा आणि पांढऱ्या स्पेसिओसमचा संकर करून हॉलंडमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत 'वॉटरलिली' तयार झाली. दोन्ही पालक पांढरे, मूल मात्र गुलाबी-जांभळं. खूप पाकळ्यांचं हे फूल फोटोत अप्रतिम आणि पहिल्या सरीत जमिनीवर. मी ते छपराच्या वळचणीजवळ, पाऊस थेट न लागणाऱ्या जागी लावते. हॉलंडमधलेच 'लायलॅक वंडर' आणि 'द जायंट' हे दोन्ही दणकट. पहिलं थोडं लोळतं.

जागा थोडी असेल तर अ‍ॅग्रिपिनम. पाकळ्यांवर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी, पानं अरुंद आणि आखूड, कुणाला त्रास नाही. त्याला ऊन आणि उन्हाळ्यात कोरडी जागा द्या. माझा सगळा पानांचा जाच ज्यांना वाचून नकोसा झाला असेल त्यांनी हेच लावावं.

हिमालयाच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत, काश्मीरपासून अफगाणिस्तानपर्यंत, कोल्चिकम ल्युटियम आहे. पिवळ्या फुलाचं, आणि बर्फ वितळताना वसंतात फुलणारं. ते साध्या वाफ्यातलं झाड नाही. हौशी संग्राहक कुंडीत, काचेच्या आडोशाला वाढवतात.

कंद वेगळे करणं

झुबका दाट झाला, फुलं कमी आणि पानंच जास्त दिसू लागली की वेगळं करायची वेळ आली. साधारण तीन-चार वर्षांनी. पानं नुकतीच वाळली असताना, जूनअखेर ते जुलै, कारण तेव्हा वाळक्या पानांवरून जागा कळते. उशीर केलात तर आंधळेपणानं खणावं लागतं आणि कुदळ कंदात शिरते. बागकाट्यानं झुबक्याच्या बाहेरून, खोल घालून उचला. जुन्या झुबक्यातले कंद अपेक्षेपेक्षा खाली गेलेले असतात. माती झटका, सहज सुटतात तेवढे कंद सुटे करा, जुन्या कंदाचं सुकलेलं भूत काढून टाका. मोठे लगेच नव्या जागी, छोटे एखाद्या कोपऱ्यातल्या वाफ्यात वर्ष-दोन वर्षं वाढायला. धुवायचे नाहीत, उन्हात वाळवायचे नाहीत. फुललेलं असताना हलवावं लागलं तरी झाड सहसा मरत नाही, फक्त मातीचा गोळा सोबत उचला.

खिडकीतलं फूल, कुंडी आणि बी

कोरडा कंद खिडकीत ठेवला की माती-पाण्याशिवाय फुलतो. गंमत म्हणून एकदा बघायला हरकत नाही, लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवून. फूल सुकताच कंद जमिनीत जायला हवा. पुढच्या वर्षी तो बहुधा रुसतो, एका चांगल्या वसंतानंतर सावरतो. खिडकीत रंग फिका येतो, कारण बाहेरचं ऊन नसतं.

कुंडी खोल हवी, निदान 25 सेंटिमीटर, आणि तळाला पाणी न साचणारी. उन्हाळ्यात ती सावलीत, जवळजवळ कोरडी. पूर्ण खडखडीत नको. कुंडीचा फायदा एवढाच की पानं कुरूप झाली की ती उचलून घराच्या मागे ठेवता येते.

बियांचा रस्ता लांबचा आहे आणि संकरित जातींत उपयोगाचाही नाही. ऑटम्नाले किंवा स्पेसिओसमच्या बोंडाचा रंग तपकिरी होऊन ते फुटू लागलं की हातमोजे घालून बी काढा आणि ताजंच पेरा. वाळवून ठेवलेलं बी उगवायला कधी कधी वर्षभर जास्त घेतं. खोल कुंडी, रेताड माती, वर बारीक खडीचा थर, आणि कुंडी हिवाळाभर उघड्यावर, थंडीत. पहिल्या वर्षी एकच बारीक पान येतं, गवताच्या काडीसारखं, ते तण म्हणून उपटू नका. दोन वर्षं रोपं त्याच कुंडीत असू द्या, तिसऱ्या उन्हाळ्यात कंद बाहेर काढून वाफ्यात लावा. फूल दिसायला पेरणीपासून चार ते सहा वर्षं धरा, आणि कुंडीवर पेरणीचं साल पेन्सिलीनं लिहा. पेन्सिल उडत नाही.